पहिली चार पानं नाहीत, छापखान्याचं नाव फाटलंय: जळगावात छापलेल्या या पुस्तकाचं साल कसं काढू?

गिरणाकाठ

मंडळी, नमस्कार.

दिवाळीत भडगावला गेलो होतो. आमचं जुनं धाब्याचं घर उतरवायचं ठरलंय, म्हणून वरच्या खोलीतलं सामान काढायला घेतलं. कणगीमागे पत्र्याची एक ट्रंक निघाली. काकांनी ती रद्दीत द्यायच्या ढिगात ठेवली होती. उघडून बघितली तर पंचांगं, पोथ्या, शाळेची क्रमिक पुस्तकं आणि तळाशी चाळीसेक सुटी पुस्तकं. मी ती ट्रंक तशीच गाडीत टाकून नाशिकला घेऊन आलो.

त्यातल्या एका पुस्तकापाशी अडलोय. कपाशीच्या लागवडीवर आहे. जमीन, बियाणं, कोळपणी, बोंडअळी, वेचणी, सरकी, सगळं आलंय. मुखपृष्ठ नाही. पहिली चार पानं नाहीत, मजकूर एकदम पान ५ पासून सुरू होतो. शेवटचं पान ११२. त्याच्या तळाशी एक ओळ आहे, तिचा डावा कोपरा फाटलाय. उरलंय ते असं: "...छापखान्यांत छापिलें, जळगांव, जि. पूर्व खानदेश." मलपृष्ठाच्या आत चाळीसगावच्या एका पुस्तकविक्रेत्याचा जांभळा शिक्का आहे, त्याखाली शिसपेनने ॥= अशी खूण. आणि कोऱ्या पानावर मोडीत चार ओळी आहेत. त्या मला वाचता येत नाहीत.

लेखक कोण, साल कुठलं, हे पुस्तक कुठल्या सूचीत सापडेल का? पणजोबांनी ते वापरून वापरून जीर्ण केलंय. समासात त्यांच्या खुणा आहेत. नुसतं "एक जुनं पुस्तक" म्हणून ते कपाटात ठेवायची इच्छा होत नाही.

पांझरेचा

गिरणाकाठ भाऊ, ट्रंक वाचवलीत हे फार मोठं काम केलंत.

सालाच्या दोन कडा तुमच्या हातात आधीच आहेत. "पूर्व खानदेश" हे शब्द महत्त्वाचे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, धुळे मुख्यालय. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि पूर्वेचं ठाणं जळगावला आलं. १९६० नंतर जळगाव जिल्हा, धुळे जिल्हा अशी नावं रुळली. म्हणजे पुस्तक १९०६ च्या आधीचं नाही आणि १९६० नंतरचं असण्याची शक्यता जवळपास नाही.

अशा आणखी खुणा असतात. किंमत आण्यात असेल तर साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. "न. पै." दिसलं तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतलं. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. "छापखान्यांत", "छापिलें" यांवरचे अनुस्वार बघा. १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखननियम आले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मात्र एकट्या अनुस्वारावर विसंबू नका. जुन्या वळणाचे मुद्रक आणि लेखक ते नंतरही कितीतरी वर्षं देत राहिले.

मोडीच्या पानाचा फोटो टाका. इथे वाचणारे आहेत.

मोडी_लिहिणारा

फोटो मिळाला. अक्षर घाईचं आहे पण स्पष्ट आहे. मालकाचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला निरोपातून कळवतो. बाकी मजकूर असा: हें पुस्तक चाळीसगांवीं विकत घेतलें, मिति ज्येष्ठ शुद्ध १० शके १८३९ पिंगलनाम संवत्सरे.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. फक्त जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे. ज्येष्ठ आहे, म्हणून ७८. म्हणजे १९१७ चा उन्हाळा सरता सरताचा काळ. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याने कपाशीचं पुस्तक विकत घेतलं, हे मला फार आवडलं.

आकडा वाचण्यात माझी चूक तर नाही ना, हे संवत्सरावरून पडताळून पाहिलं. संवत्सर म्हणजे वर्षाचं नाव. अशी साठ नावं ओळीने येतात आणि पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे प्रभवापासून, सुरू होतात. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं आणि बाकी मोजायची. १८३९ अधिक १२ म्हणजे १८५१, बाकी ५१, आणि प्रभवापासून मोजलं तर एकावन्नावा संवत्सर पिंगलच येतो. जुन्या पोथीवर कधी कधी शक नसतो, फक्त संवत्सराचं नाव असतं. तेव्हा साठ साठ वर्षांच्या अंतराने उमेदवार सालं मिळतात आणि कागद, अक्षर, नावं यांवरून त्यातलं एक निवडावं लागतं.

शिसपेनची खूण म्हणजे किंमत. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. पुढच्या दोन आडव्या म्हणजे दोन आणे. एकूण दहा आणे.

गिरणाकाठ

अंगावर काटा आला. १९१७ साली पणजोबा विशीत असतील. म्हणजे पुस्तक १९०६ ते १९१७ यामधलं, बरोबर?

अनेर_खोरं

भाऊ, हाई काम भारी शे. पुढे लिहीत राहा, मी रोज धागा उघडून बघतोय.

सेवानिवृत्त ग्रंथपाल

गिरणाकाठ, हो, अकरा वर्षांची ती पट्टी पक्की धरा. मोडीतली तारीख विकत घेतल्याची आहे, छापल्याची नव्हे. लहान गावच्या दुकानात पुस्तक पाच-सात वर्षं पडून राहणं नवं नव्हतं.

आता पुस्तक हातात घ्या आणि १७ व्या पानाच्या अगदी तळाशी बघा. एक बारीक आकडा दिसतो का? असला तर ३३ व्या, ४९ व्या पानावरही बघा.

गिरणाकाठ

ताई, आहे! १७ वर "२", ३३ वर "३", असं करत ९७ वर "७". इतकी वर्षं पुस्तकं वाचतोय, हे कधी दिसलं नव्हतं.

सेवानिवृत्त ग्रंथपाल

तो फर्म्याचा आकडा. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की सोळा पानं होतात. असे फर्मे एकावर एक रचून बांधणारा शिवतो, आणि त्याचा क्रम चुकू नये म्हणून खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणारा प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर हा आकडा घालतो. तुमच्या पुस्तकाचे सात फर्मे, सात सोळं एकशे बारा. शेवट पूर्ण आहे, मधलं काही गेलेलं नाही. पहिल्या फर्म्याची बाहेरची दोन पत्रं, म्हणजे पान १ ते ४, तेवढी गेली आहेत. मुखपृष्ठ, नामपृष्ठ आणि प्रस्तावना बहुधा वेगळ्या छोट्या फर्म्यात छापून पुढे जोडली असतील आणि तीच आधी सुटली. पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती, साल, सगळं त्या सुटलेल्या भागात होतं.

तरीही शेवटच्या पानावर ती छापखान्याची ओळ राहिली, यामागे कायदा आहे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण घालणं बंधनकारक झालं. जुन्या पुस्तकांवर "सन १८६७ चा आक्ट २५ प्रमाणें रजिस्टर" असं वाचलं असेल, तो हाच. याच कायद्याने मुद्रकाला पुस्तकाच्या प्रती सरकारात द्याव्या लागत आणि सरकार दर तीन महिन्यांनी इलाख्यात छापलेल्या पुस्तकांची यादी काढत असे. त्या यादीत काय काय असायचं बघा: नाव, भाषा, लेखक, विषय, छापल्याचं ठिकाण, मुद्रक आणि प्रकाशक, तारीख, पानं, आकार, आवृत्ती, किती प्रती काढल्या, किंमत, खिळ्यांवर छापलंय की शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, हक्क कोणाचे. मुंबई इलाख्याच्या १९०६ ते १९१७ च्या त्रैमासिक याद्या चाळल्या, तर जळगाव, कपाशी, ११२ पानं, दहा आणे या चार खुणांवर पुस्तक सापडायला हवं. या याद्यांचे संच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

त्याआधी शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची उघडायची. पहिला खंड १९४३ साली निघाला, १८०० ते १९३७ ची पुस्तकं त्यात आहेत. दुसरा १९६१ चा, त्यात १९३८ ते १९५०. विषयवार लावलेली आहे, त्यामुळे लेखक माहीत नसला तरी शेतीच्या भागात शोधता येतं. आमच्या काळात ग्रंथालयशास्त्र शिकताना सर म्हणायचे, दात्यांनी एकट्याने जे केलं ते एखाद्या खात्याला जमलं नसतं. मी तीस वर्षं ती सूची वापरली, दर वेळी त्यांच्या कष्टांपुढे हात जोडले. गुरुवारी मी वाचनालयात जाते आहे, तेव्हा शेतीचा भाग बघते.

एरंडोलचा_मी

एक विचारू? त्या पुस्तकाचा कागद कसा आहे? आमच्या एरंडोलला पूर्वी हातकागद बनायचा. यावललाही बनायचा, जाडाभरडा देशी कागद. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये दोन्ही गावांची त्यासाठी नोंद आहे. जुने वहीखाते, फर्मानं, पोथ्या त्यावर लिहिलेल्या असत.

गिरणाकाठ

कागद पिवळट तपकिरी झालाय, कोपरा दुमडला की तुटतो. ट्रंकेतल्या एका हस्तलिखित पोथीचा कागद मात्र अजून मऊ आणि पांढुरका आहे. ती कदाचित शंभर वर्षांनी जुनी असेल. हे उलटं कसं?

सेवानिवृत्त ग्रंथपाल

पोथीचा कागद चिंध्यांचा किंवा तागाचा, लांब धाग्यांचा. छापील पुस्तकाचा गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, आणि ते आतल्या आत कागद जाळत राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची पुस्तकं म्हणूनच आधीच्या पोथ्यांपेक्षा लवकर मरतात. आपल्याकडे भुसावळ-जळगावचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, हवा कोरडी ठक्क. कोकणासारखी बुरशी आपल्याला त्रास देत नाही, पण कागद पापडासारखा होतो.

तुटक्या पानाला प्लास्टिकची चिकटपट्टी अजिबात लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरात उतरतो. लॅमिनेशनही नको. पानं सुटी झाली असतील तर आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवा, वर पुठ्ठ्याची पेटी करा. दुरुस्ती करायचीच तर गव्हाच्या पिठाची खळ आणि पातळ जपानी कागद, आणि तीही हात बसलेल्या माणसाकडून. कसर किंवा अळी दिसली तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरला ठेवा, मग पिशवी न उघडता बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आपल्या आज्या पोथीच्या रुमालात वेखंड घालत, ती चाल चांगली आहे, तेवढी चालू ठेवा.

रद्दीतलं_सोनं

मी जळगावात जुन्या पुस्तकांचा धंदा करतो, वडिलांपासून. धंद्याच्या बाजूने दोन शब्द.

गावोगावच्या वाड्यांमधून माल येतो तो गोणीने येतो आणि किलोवर येतो. नव्वद टक्के माल म्हणजे छापील पोथ्या, पंचांगं, गाईडं. पोथ्यांना भाव नाही, कारण मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं तेव्हापासून पोथ्या-पंचांगं अफाट छापली गेली. पुढे निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी तर घराघरात पोचवली. जुनी आहे म्हणून दुर्मिळ, असं नसतं.

दुर्मिळ काय, तर नेमकं गिरणाकाठ भाऊंच्या हातात आहे तसलं. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगावच्या छापखान्यात निघालेलं, शे-पाचशे प्रतींचं, कामाचं पुस्तक. पोथी देव्हाऱ्यात राहिली म्हणून टिकली. शेतीचं पुस्तक शेतात गेलं, वैद्यकाचं चुलीपाशी गेलं, शाळेचं पोरांच्या हातात गेलं. वापरून वापरून संपलं. पुण्या-मुंबईचे संग्राहक विचारतात ते बहुतेक कवितांच्या पहिल्या आवृत्त्या. खानदेशात छापलेल्या शेतीच्या पुस्तकाला गिऱ्हाईक नाही, आणि म्हणून माझ्यासारख्याच्या हातूनसुद्धा अशी कितीतरी लगद्याला गेली असतील. हे लिहिताना वाईट वाटतंय. आता ठरवलंय, गोणी उघडली की खानदेशातला छापखाना दिसेल ते पुस्तक बाजूला काढायचं.

अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या वाळवंटात पूर्वी पुस्तकांची पालं लागत. वडील तिथे पाल लावायचे. पोथी, पोवाडा, भजनाची चोपडी, आणि एका कोपऱ्यात अशी कामाची पुस्तकं. शेतकरी पुस्तक हातात घेऊन मागची पानं आधी बघायचा, औषधाचा कोठा आहे का ते.

धरणगावची_लेक

"काव्यरत्नावली" इथे कोणाकडे आहे का? नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ मध्ये जळगावहून काढलेलं मासिक, नुसत्या कवितेला वाहिलेलं, जवळजवळ अर्धशतक चाललं. केशवसुतांपासून बालकवींपर्यंतच्या पिढीची कविता त्यात आली. बालकवी आमच्या धरणगावचे. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथेच त्यांना "बालकवी" म्हटलं गेलं. जळगावात आजही काव्यरत्नावली चौक आहे. चौकात रोज हजारो माणसं येतात, पण मासिकाचा अंक पाहिलेली किती असतील?

माझ्या सासऱ्यांकडे काही वर्षांचे अंक एकत्र बांधलेले आहेत. सुंदर कापडी बांधणी. पण बांधणाऱ्याने प्रत्येक अंकाचं वेष्टन काढून टाकलंय. त्या काळी तशीच पद्धत होती, वर्षअखेरीस नुसता मजकूर बांधून घ्यायचा. वेष्टनाबरोबर महिना, वर्गणी, छापखाना, पुस्तकांच्या जाहिराती, सगळं गेलं. कविता सगळ्या आहेत, पण कुठली कुठल्या महिन्यात आली हे त्या खंडावरून सांगता येत नाही. ज्यांच्याकडे सुटे, वेष्टनासकट अंक असतील त्यांनी ते कृपा करून बांधायला देऊ नका.

पांझरेचा

ताई, हे वाचून बरेच दिवस मनात असलेलं लिहून टाकतो.

आमच्या धुळ्याने हस्तलिखितांसाठी केलं ते महाराष्ट्रात फार थोड्या गावांनी केलं. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले आणि ९ जानेवारी १९२७ ला, दहा दिवसांच्या आत, राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद तिथे जपले गेले. शंकरराव देवांनी समर्थांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या पोथ्या मठामठांतून गोळा केल्या, त्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. समर्थांच्या हातचं वाल्मीकी रामायण तिथलंच. लहानपणी आजोबांचं बोट धरून मी ते बघितलंय.

पण त्याच धुळ्यात, त्याच वर्षांत, छापखान्यांतून जी पुस्तकं बाहेर पडत होती त्यांच्यासाठी कोणी दारोदार फिरलं नाही. छापलंय म्हणजे कुठे ना कुठे असणारच, अशी आपली समजूत. पोथी एकच असते म्हणून तिला रुमाल मिळाला. छापील पुस्तकाच्या पाचशे प्रती होत्या म्हणून पाचशे घरांनी ते निष्काळजीपणे टाकलं. आज त्या पाचशेतली एक भडगावच्या ट्रंकेत निघते आणि तिचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही.

बोरीकाठची_सून

वाचनालयांचंही बोला. मी ज्या तालुक्याला राहते तिथल्या जुन्या वाचनालयाने काही वर्षांपूर्वी जागा नाही म्हणून पुस्तकं बाद केली. रीतसर ठराव करून, निर्लेखनाची यादी करून. मी यादी मागितली. त्यात "जीर्ण पुस्तके" आणि पुढे फक्त नग लिहिलेले. नावं नाहीत. दाखलनोंद वहीत नावं असतील म्हणून ती मागितली, तर तीही त्याच टेम्पोत गेलेली. पुस्तकं गेल्याचं दुःख आहेच, पण काय गेलं तेही कळायचा मार्ग उरला नाही, याचं जास्त आहे. तिथे कोणी वाईट माणूस नव्हता. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

सेवानिवृत्त ग्रंथपाल

बोरीकाठच्या सूनबाई, तुमचं दुःख मला माहीत आहे. नोकरीत असताना अशा याद्यांवर माझ्याही सह्या झाल्या आहेत.

म्हणून सांगते, दाखलनोंद वही कधीच बाद करू नये. आणि घरी जुनं पुस्तक सापडलं तर ते कुणाला देण्याआधी, विकण्याआधी, नोंद करा. नामपृष्ठावर जसं छापलंय तसंच उतरवा, अनुस्वार, चुकलेलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका. जे पुस्तकात नाही, पण तुम्ही बाहेरून काढलंय, ते चौकटी कंसात. पानं शेवटच्या आकड्यावरून, प्रस्तावनेची वेगळी. उंची सेंटिमीटरमध्ये. छापखान्याची ओळ पूर्ण. विक्रेत्याचे शिक्के, मालकाच्या सह्या, समासातल्या खुणा. मागे आश्रयदात्यांची किंवा वर्गणीदारांची यादी असेल तर तिचा फोटो नक्की. कुठल्या गावचा मामलेदार, कुठला वकील, कुठला शाळामास्तर त्या काळी पुस्तक विकत घेत होता, हे त्या याद्यांखेरीज कुठेच मिळत नाही.

अनेर_खोरं

अशी पुस्तकं स्कॅन करून टाकायला हक्काची अडचण येते का?

सेवानिवृत्त ग्रंथपाल

लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. लेखकाचं नाव न देता निघालेलं असेल तर प्रकाशनापासून साठ वर्षं. १९१७ च्या आधीच्या पुस्तकाचा लेखक दीर्घायुषी असेल आणि त्याला जाऊन साठ वर्षं झाली नसतील, तर हक्क आजही शिल्लक. म्हणून आधी नाव शोधायचं. नोंद करायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

रद्दीतलं_सोनं

ताई, माझ्या दुकानात आत्ता जळगाव, धुळे छापखान्यांची वीस-बावीस पुस्तकं निघतील. रविवारी बसून तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिहितो आणि इथेच टाकतो. विकली गेली तरी नोंद राहील.

गिरणाकाठ

आज दिवसभर पट्टी आणि भिंग घेऊन बसलो होतो. ताईंच्या सांगण्याप्रमाणे पहिली नोंद करतोय, चुकलं असेल तर सुधारा.

[शीर्षक:          ] [लेखक:          ] विषय कापसाची शेती. [जळगाव, १९०६ ते १९१७ च्या दरम्यान.] "...छापखान्यांत छापिलें, जळगांव, जि. पूर्व खानदेश." पृष्ठे ५ ते ११२, आधीची गहाळ, सात फर्मे. उंची १८ सेंमी. [किंमत १० आणे, विक्रेत्याच्या शिसपेन-खुणेवरून.] चाळीसगावच्या विक्रेत्याचा शिक्का. मालकाची मोडी नोंद, ज्येष्ठ शुद्ध १० शके १८३९. पान ६३ वर बोंडअळीच्या मजकुराशेजारी समासात शाईने मोडीत एक शब्द.

मोडी_लिहिणारा यांनी तो शब्द आत्ताच वाचून दिला: "खरें."

शीर्षकाची आणि लेखकाची जागा कोरी ठेवलीय. ताई, गुरुवारची वाट बघतोय. आणि चाळीसगाव, पाचोरा, पारोळा, एरंडोलकडे कोणाच्या माळ्यावर कपाशीचं ११२ पानांचं पुस्तक असेल, तर नामपृष्ठाचे आणि पहिल्या चार पानांचे फोटो तेवढे पाठवा.